सीमाभागात शाळा बदलली की शिकवण्यात काय बदलावे?

कर्नाटकातील बेळगाव शहरातील इंग्रजी माध्यमाच्या एका खासगी शाळेत काही वर्षे शिकवल्यानंतर खानापूर तालुक्यातील सरकारी मराठी प्राथमिक शाळेत रुजू झालेल्या एका शिक्षिकेने तीन गोष्टी विचारल्या आहेत. शाळा दोनशिक्षकी असून तेथे पहिली ते पाचवीचे वर्ग आहेत. शहरात वापरलेल्या पद्धती येथे चालतील का, मराठी शाळेत कन्नड कसे शिकवावे, आणि मुलाला इंग्रजी माध्यमात घालायला निघालेल्या पालकांना काय सांगावे, असे त्यांचे प्रश्न आहेत. मी खेड्यातील प्राथमिक शाळा, शहरातील अनुदानित हायस्कूल आणि शिक्षकांचे प्रशिक्षण या तिन्ही ठिकाणी काम केले आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देते.

कृतियुक्त अध्यापन, गटकार्य, प्रकल्प किंवा फळा-खडू यांपैकी कोणतीही पद्धत एका शाळेत चांगली आणि दुसरीत वाईट, असे नसते, हे माझे मत आधीच सांगून टाकते. शाळा बदलली की प्रत्यक्षात दोनच गोष्टी बदलतात. शिक्षकाचा किती वेळ एका मुलाच्या वाट्याला येतो, ही पहिली. आणि मूल ज्या भाषेत विचार करते तिच्यात व पुस्तकाच्या भाषेत किती अंतर आहे, ही दुसरी. या दोहोंचा अंदाज आला की पद्धत निवडणे फारसे अवघड राहत नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यात पाठ उरकण्याची घाई करू नये. वर्षाच्या आरंभी सेतुबंधासाठी, म्हणजे मागील इयत्तेची उजळणी करून घेण्यासाठी, जे दिवस राखून ठेवलेले असतात ते नेमके याच कामासाठी आहेत; पण पुष्कळ शाळांत ते चाचणीचे कागद आणि तक्ते भरण्यात निघून जातात, आणि मुलाला काय येते हे शिक्षकाला खऱ्या अर्थाने कळते तोवर दसऱ्याची सुट्टी लागते.

आधी वेळेचे पाहू. शहरात तुमच्यासमोर एकाच इयत्तेची भरगच्च मुले होती आणि संपूर्ण तासिका त्यांच्यासाठी होती. येथे मुले थोडी असतील, पण इयत्ता पाच आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने साठ पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. हा हिशेब डोकी मोजतो, इयत्ता मोजत नाही, आणि तालुक्याच्या कणकुंबी-जांबोटी या डोंगरी भागातील लहान शाळांच्या निम्म्या अडचणी तेथूनच सुरू होतात. त्यातच दोघांपैकी एक शिक्षक प्रशिक्षणाला, सर्वेक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला, की पाचही इयत्ता, अक्षर दासोहाचे (शाळेतील माध्यान्ह आहार योजनेचे) जेवण, दूधवाटप आणि हजेरीपट हे सारे एकाच्याच अंगावर पडते. तेव्हा सहकारी नसताना शाळा कशी चालेल याची आखणी पहिल्याच आठवड्यात करून ठेवावी. तो प्रसंग अपवादात्मक आहे असे मानू नये.

बहुवर्ग अध्यापनाचा एक नियम मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगत आले आहे: ज्या गटाला सोडून जायचे आहे त्याच्या हाती आधी काम द्यावे आणि मगच दुसऱ्या गटाकडे वळावे. ऐकायला हे साधे वाटते, परंतु बहुतेक ठिकाणी नेमके उलटे घडते. शिक्षक पहिलीला शिकवायला बसतो, मग चौथीत गोंधळ सुरू होतो, आणि तो थांबवण्यासाठी घाईघाईने "धडा उतरवून काढा" असे काम दिले जाते. उतरवून काढण्यात मुलाचा हात गुंततो, डोके मोकळेच राहते. स्वतंत्रपणे करायला दिलेले काम असे असावे की उत्तर बरोबर आहे की नाही हे मुलाला शिक्षकाविना पडताळता आले पाहिजे. चौथीला वजाबाकी दिली तर उत्तरात वजा केलेली संख्या पुन्हा मिळवून पाहायला सांगावे. बेरीज मूळ संख्येइतकी आली तर पुढे जायचे, नाही आली तर शेजाऱ्याशी बोलायचे. वाचनात दोघांची जोडी लावावी, एकाने वाचावे, दुसऱ्याने ओळीवर बोट ठेवून ऐकावे आणि शेवटी दोन प्रश्न विचारावेत. दिवसाची पहिली वीस-पंचवीस मिनिटे सर्व इयत्तांना एकत्र बसवून गोष्ट, बातमी, तोंडी हिशेब यांसाठी ठेवली, तर लहान मुले मोठ्यांचे ऐकून कितीतरी शिकतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणे चांगले, पण त्या नावाखाली पाचवीतील दोन हुशार मुलींनाच रोज पहिलीची मुले सांभाळायला लावले जाते. त्या मुलींचे स्वतःचे शिकणे थांबते आणि घरातील पोरे सांभाळण्याचेच काम शाळेतही त्यांच्या वाट्याला येते. हे काम सर्वांत फिरवावे, मुलग्यांनाही द्यावे आणि त्याला वेळेची मर्यादा घालावी.

पहिली ते तिसरीसाठी आपल्या राज्यात नलिकली, म्हणजे आनंदाने शिकण्याची, पद्धत आहे. 1995 च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात युनिसेफच्या साहाय्याने तिचा आरंभ झाला आणि आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेच्या ग्रामीण शाळांतील कामातून तिने प्रेरणा घेतली होती. तिन्ही इयत्तांची मुले एकत्र बसतात, प्रत्येक मूल कार्डांच्या शिडीवर आपापल्या पायरीने पुढे सरकते आणि आजारपणामुळे आठवडाभर घरी राहिलेले मूल परत आल्यावर जेथे थांबले होते तेथूनच सुरू करते. लहान शाळेसाठी याहून योग्य रचना मला माहीत नाही. पण ही शिडी मुळात कन्नडसाठी रचलेली आहे. कन्नड पहिलीत वाचनाचा आरंभ अ, आ, इ, ई ने होत नाही. र, ग, स, द, अ अशा गटाने होतो, कारण त्या अक्षरांतून कन्नड मुलाच्या ओळखीचे शब्द पटकन तयार होतात. मराठी वर्गात तत्त्व तेच ठेवावे, अक्षरगट मात्र आपल्या मुलांच्या शब्दांवरून निवडावा. घ, र, क, म, न ही पाच अक्षरे आणि एक काना इतक्यावर घर, काम, नाक, कान, मामा, काका, मान असे शब्द वाचता येतात, आणि पहिल्याच महिन्यात मुलाला आपण वाचतो आहोत असा विश्वास वाटू लागतो. मुळाक्षरांचा पूर्ण तक्ता पाठ होईपर्यंत वाचन रोखून धरण्याची सवय आपल्या शाळांत अजून आहे. ती सोडून द्यावी.

वरच्या दोन इयत्तांसाठी परिसरच मोठे साहित्य आहे. मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते आणि त्या पट्ट्यात पाऊस किती कोसळतो हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात ओढे भरले की लांबच्या वाड्यांतील आणि गवळीवाड्यांतील मुले येऊ शकत नाहीत, म्हणून हजेरी घटते. पण याच दिवसांत जी मुले येतात त्यांच्याकडून पाऊस मोजून घेता येतो. तळापासून वरपर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा काचेचा किंवा प्लास्टिकचा डबा अंगणात उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी आतील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून भिंतीवरील तक्त्यात लिहावी. तिसरीचे मूल पट्टी वाचायला शिकते, चौथीचे आठवड्याची बेरीज करते, पाचवीचे स्तंभालेख काढते आणि सरासरी काढते. डबा अरुंद घेतला तर पाऊस जास्त भरेल का, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. त्यावर वर्गात जो वाद होतो, तो क्षेत्रफळ आणि घनफळ यांच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा मोलाचा असतो.

आता भाषेचे अंतर. खानापूरच्या पश्चिमेकडील गावांत घरची बोली मराठीच असली तरी ती पुस्तकी मराठी नाही. तिच्यात कोकणीचा सूर आहे, काही घरांत तर कोकणीच बोलतात. बेळगावच्या आसपास मूल "मी जाऊलोय" म्हणते, पुस्तकात "मी जात आहे" असते. शहरातून आलेला शिक्षक पहिल्याच दिवशी ही वाक्ये दुरुस्त करू लागतो आणि दोन आठवड्यांत वर्ग गप्प होतो. मुलाने सांगताना मध्ये अडवू नये. त्याचे सांगून झाल्यावर शिक्षकाने तेच पुस्तकी मराठीत सहजपणे पुन्हा म्हणावे, आणि लिहिण्याच्या वेळी "पुस्तकात हे कसे लिहितात?" असे विचारावे. तिसरीपर्यंत बोलणे बोलीत आणि लिहिणे हळूहळू प्रमाण भाषेत, असा रिवाज ठेवला तर मुलाला दोन्ही येतात. विज्ञानात तर हे अधिकच खरे आहे, कारण आपल्या राज्याची मराठी माध्यमाची पुस्तके बहुतांशी भाषांतरित असतात आणि त्यांतील वाक्ये संस्कृतप्रचुर असतात. बाष्पीभवन हा शब्द देण्यापूर्वी चुलीवरच्या पातेल्यातले पाणी कोठे गेले, उन्हात घातलेले भात कसे वाळले, हे मुलांच्या शब्दांत पूर्ण होऊ द्यावे. समजलेल्या गोष्टीला नाव मिळाले की ते लक्षात राहते. नाव आधी दिले तर फक्त नावच लक्षात राहते.

गणितातील एक अडचण मुद्दाम सांगते, कारण ती सीमाभागातच नीट दिसते. मराठीत 27 ला सत्तावीस म्हणतात, म्हणजे आधी सात ऐकू येतात आणि मग वीस. दुसरीचे मूल ऐकलेल्या क्रमाने लिहू लागते आणि 72 लिहिते. कन्नडमध्ये तीच संख्या इप्पत्तेळु, म्हणजे आधी वीस आणि मग सात, लिहिण्याच्याच क्रमाने. एकोणतीस तर आणखी अवघड. त्यात नऊ ऐकूच येत नाही, तीस ऐकू येतात, म्हणून मूल 39 लिहिते किंवा 31. कन्नडमध्ये इप्पत्तोंबत्तु म्हटले की वीस आणि नऊ दोन्ही समोर असतात. महाराष्ट्रात 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसऐवजी वीस सात अशी मांडणी दिली गेली तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या वादात न शिरता वर्गापुरता मार्ग असा काढता येतो: काड्यांचे दहा-दहाचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मुलाच्या हातात देऊन आधी "वीस आणि सात" म्हणवून घ्यावे, लिहून घ्यावे, आणि मग "यालाच सत्तावीस म्हणतात" असे सांगावे. दोन्ही नावे काही महिने शेजारी शेजारी चालू द्यावीत. ज्या वर्गात एखादे कन्नड घरचे मूल असेल तेथे त्यालाच इप्पत्तेळु म्हणायला सांगावे. उलट्या लिहिल्या जाणाऱ्या संख्या कमी होतात, हे मी अनेक शाळांत पाहिले आहे.

आता कन्नडविषयी. कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्याने राज्यातील शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. सीमाप्रश्नाबद्दल तुमचे मत काहीही असो आणि गावात 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळला जात असो, तो वाद मुलाच्या वहीत येऊ देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या मुलाला पुढे तलाठ्याकडे, बँकेत, दवाखान्यात आणि नोकरीच्या परीक्षेत कन्नड लागणार आहे, त्याला ती चांगली शिकवणे हे मराठी शिक्षकाचेच कर्तव्य आहे, आणि त्यामुळे मराठीचे काहीही कमी होत नाही.

अडचण अशी की निपाणी, चिक्कोडी, अथणीकडील मराठी मुलाच्या कानावर बाजारात आणि शेतात रोज कन्नड पडते, खानापूरच्या डोंगरी गावातील मुलाच्या कानावर ते पडतच नाही. तरीही दोघांच्या हाती पुस्तक एकच असते. म्हणून पुस्तक उघडण्यापूर्वी काही आठवडे केवळ बोलणे आणि ऐकणे ठेवावे. बसा, उठा, ये, जा, पाणी पी, दार लाव अशा सूचना कन्नडमधून द्याव्यात, दुकान-दुकान खेळावे, एक ते दहा म्हणवून घ्यावे. या दहा अंकांतच कन्नडचा आपल्या मुलांना न ऐकू येणारा भेद आहे. दोनसाठीच्या एरडु या शब्दातील ए आखूड आहे, सातसाठीच्या एळु मधील ए लांब आहे आणि आठसाठीच्या एंटु मधील पुन्हा आखूड. मराठीत ए आणि ओ यांची आखूड-लांब अशी दोन रूपे वेगळी लिहिली जात नाहीत, त्यामुळे मूल ती ऐकतही नाही आणि पुढे शुद्धलेखनात त्याच जागी सारखे चुकते. टाळीने हा भेद शिकवता येतो: आखूड स्वराला एक टाळी, लांब स्वराला हात पसरून दुसरी टाळी.

लिपी शिकवताना मात्र मराठी मुलाला मोठा फायदा आहे. क, ख, ग, घ हा क्रम तोच आहे, बाराखडीला तिकडे कागुणित म्हणतात आणि काना, वेलांटी, उकार यांची जागा बदलली तरी कल्पना तीच राहते. एका तक्त्यावर देवनागरी अक्षर आणि त्याखाली कन्नड अक्षर असे लिहून ठेवल्यास चौथीतील मूल स्वतःच जुळवाजुळव करते. गावात येणाऱ्या बसच्या पाट्या, रेशन दुकानाचा फलक, दुधाच्या पिशवीवरील अक्षरे हे वाचनाचे पहिले पाठ असावेत. जवळपास कन्नड शाळा असेल तर तेथील शिक्षकांशी आठवड्यातून एक तास अदलाबदल करण्याची परवानगी क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांकडून मागावी. त्यांच्या मुलांना मराठी गाणी, तुमच्या मुलांना अस्सल उच्चारांचे कन्नड मिळते. कन्नड मुलांना तो दगड, ती काठी, ते झाड हे लिंगभेद फार जड जातात, कारण त्यांच्या भाषेत या तिन्ही वस्तू एकाच नपुंसकलिंगी गटात येतात. आपल्याला जे सहज येते ते दुसऱ्याला किती अवघड जाते हे मुलांनी पाहिले की दुसऱ्याच्या चुकीला हसणे कमी होते.

इंग्रजी माध्यमातील तुमचा अनुभव येथे वाया जाणार नाही. तेथील मुले पाठ केलेली उत्तरे भराभर सांगतात आणि शाब्दिक उदाहरणात अडतात, हे तुम्ही पाहिले असेल. "फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह" ऐकून मूल आधी पाच लिहिते, मग बारा, आणि पाचातून बारा वजा करायला बसते; तेच वाक्य "बारापेक्षा पाच ने कमी" असे मराठीत सांगितले तर त्याचा हात बरोबर चालतो. गणित त्याला येत होते, वाक्य उलगडत नव्हते. शहरातील पुष्कळ शाळांत वर्गात मराठी किंवा कन्नड बोलण्यास मनाई असते आणि काही ठिकाणी त्यासाठी दंडही घेतात. मला हे अन्यायाचे वाटते. इंग्रजी माध्यमाच्या शिक्षकाने प्रत्येक पाठानंतर पाच मिनिटे "आज जे शिकलात ते घरी आजीला कसे सांगाल?" एवढे विचारावे; ज्याला सांगता येते त्याला समजले आहे. तुमच्या नव्या शाळेत याच कौशल्याची बाजू बदलते. तेथे इंग्रजीकडून घरच्या भाषेकडे यायचे होते, येथे घरच्या भाषेकडून आधी प्रमाण मराठीकडे आणि मग कन्नड व इंग्रजीकडे जायचे आहे.

हायस्कूलचे थोडक्यात सांगते, कारण तुमची मुले तेथेच जाणार आहेत. आठवीत आलेल्या मुलांपैकी काहींना तिसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नाही आणि शिक्षकांना एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या, गुणांचा धसका असतो. विषयशिक्षक म्हणतो की वाचायला शिकवणे माझे काम नाही, आणि ते मूल दहावीपर्यंत तसेच ढकलले जाते. आठवीच्या प्रत्येक शिक्षकाने, गणिताच्यासुद्धा, तासिकेची पहिली पाच मिनिटे पाठातील एक परिच्छेद मोठ्याने वाचून घेण्यात घालवली तर वर्षाअखेर फरक पडतो. दुसरा खड्डा पीयूसीचा, म्हणजे अकरावी-बारावीचा, आहे. मराठी माध्यमातून उत्तम गुण मिळवलेले मूल विज्ञान शाखेला गेले की सारे इंग्रजीतून सुरू होते आणि पहिल्या सहामाहीत ते खचते. सर्वसाधारण समज असा की पारिभाषिक शब्दांमुळे अडते. वेग म्हणजे व्हेलॉसिटी, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, घनता म्हणजे डेन्सिटी हे मूल महिन्याभरात शिकते, आणि समीकरण तर दोन्हीकडे तेच असते. खरे अडते ते हेन्स, व्हेअरॲज, अनलेस, रिस्पेक्टिव्हली अशा वाक्ये जोडणाऱ्या शब्दांपाशी आणि प्रश्नातील सूचनेपाशी. शो दॅट म्हटले की काय करायचे आणि फाइंड म्हटले की काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नववी-दहावीच्या मराठी माध्यमाच्या शिक्षकांनी आठवड्याला एक इंग्रजी प्रश्नपत्रिका केवळ वाचून, न सोडवता, तिच्यातील प्रत्येक प्रश्न मराठीत सांगून घ्यावा. खासगी शिकवणी न परवडणाऱ्या मुलांना याचा फार आधार होतो.

ऊस गळीत हंगामात चिक्कोडी, रायबाग, अथणी, गोकाक भागांत कारखान्यांच्या आसपास तोडणी कामगारांच्या खोपी पडतात. बीडकडील मराठी मुले असतात, विजयपूर-बागलकोटकडील तांड्यांवरील लमाणी बोलणारी मुले असतात. तेथे शिकवणाऱ्याने उद्या ही मुले येथे असतील असे धरून चालू नये. प्रत्येक दिवसाचा पाठ त्या दिवशीच पूर्ण व्हावा, आणि मुलाला काय वाचता येते, कोणत्या संख्येपर्यंत येते, याची चार ओळींची नोंद जाड कागदावर लिहून आईच्या हाती द्यावी, म्हणजे पुढील गावातील शिक्षकाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. 2020 साली शाळा बंद असताना विद्यागम योजनेत शिक्षक देवळाच्या ओसरीवर, समाजमंदिरात लहान गटांना शिकवत होते. त्या पद्धतीतील गटाची लहान संख्या आणि घराजवळची जागा या दोन गोष्टी या मुलांसाठी आजही उपयोगाच्या आहेत.

तिसरा प्रश्न पालकांचा. राज्यघटनेच्या कलम 350 क नुसार भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करणे राज्यांचे काम आहे, आणि 2020 चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरते. परंतु कर्नाटकाच्याच भाषा धोरणाविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे 2014 मध्ये स्पष्ट केले की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकारला लादता येणार नाही. माध्यम निवडण्याचा हक्क पालकाचा आहे. त्यामुळे पालकाला कायदा किंवा अस्मिता सांगून थोपवता येत नाही, आणि थोपवूही नये. वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, आई भातशेती करते, आणि आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून आपण मागे राहिलो हे दोघांनाही मनापासून वाटते. ती चिंता खरी आहे.

तिला उत्तर द्यायचे तर शाळेत इंग्रजी चांगले शिकवावे लागेल, आणि येथे तुम्ही इतरांपेक्षा पुढे आहात. रोज पंधरा-वीस मिनिटे केवळ बोलण्याचे इंग्रजी घ्या: नाव, घर, हवामान, बाजार, आज काय जेवलो. पाचवीपर्यंत मुलाला न घाबरता पन्नास-साठ वाक्ये बोलता येणे आणि सोपी गोष्ट वाचता येणे हे मराठी शाळेत पूर्णपणे शक्य आहे. मग एसडीएमसीच्या बैठकीत, म्हणजे शाळा सुधारणा समितीत, गुणपत्रके वाचून दाखवण्याऐवजी पालकांनी स्वतः घरून आणलेला कोणताही मराठी कागद, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, खताच्या पोत्यावरील सूचना, मुलाला वाचायला सांगावे आणि त्याचा अर्थ विचारावा. त्यानंतर त्याच मुलाला दोन मिनिटे इंग्रजीत आणि दोन मिनिटे कन्नडमध्ये बोलू द्यावे. शेजारच्या घरातील मुलाशी पालक मनातल्या मनात तुलना करतातच; ती त्यांची त्यांना करू द्यावी.

एवढे करूनही काही पालक दाखला मागायला येतील. त्यांना अडवू नका आणि दाखला देण्यास उशीर करू नका. दाखल्याबरोबर मुलाच्या वाचनाची, लेखनाची आणि गणिताची वर सांगितली तशी लेखी नोंद द्या, नव्या शाळेतील शिक्षकांना ती दाखवा असे सांगा, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गावातील मुलांसाठी वाचनाचा तास ठेवलात तर त्या मुलालाही बोलवा. इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलाला मराठी वाचता यावे आणि मराठी शाळेत राहिलेल्या मुलाला इंग्रजी बोलता यावे, ही दोन्ही कामे त्या एका तासात होतात आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते.